कागदावरची मावशी

बारशाला आलेली एक मुलगी माझ्या पाया पडायला वाकली.

घर इंग्लंडातलं, माझ्या मॅडमच्या लेकीचं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हीटर लावलेले. हॉलमध्ये पाळणा सजवलेला, भोवती मराठी मंडळी, पैठण्या, गजऱ्यांची आठवण यावी असे सेंटचे वास. मी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. कुणीतरी विचारलं, "या कोण?" मॅडम सवयीनं म्हणाल्या, "ही मावशी."

ती मुलगी नवीन लग्न झालेली. तिनं पदर सावरला, आणि घरातल्या मोठ्या बाईला करतात तसा नमस्कार करायला वाकली. तिची बोटं माझ्या पायाला लागायच्या आत मॅडमनी तिचा दंड धरला.

"अगं अगं, तिला नको! ती कामाची आहे."

सगळे हसले. मुलगी लाजली. "सॉरी हं," म्हणाली. मला नाही, मॅडमना. मग ती दुसऱ्या पाहुण्याबाईंच्या पाया पडायला गेली. मी पातेलं धरून उभी. पातेलं गरम होतं. ते खाली ठेवायला कुणी टेबलावरची ताटं सरकवली नाहीत.

लोक म्हणतील, यात काय एवढं? कामाच्या बाईला कामाची म्हटलं. बरोबर आहे. मी कामाचीच होते. पण ज्या कागदावर मी त्या देशात पाय ठेवला होता, त्या कागदावर मी मॅडमची सख्खी मावसबहीण होते. त्यांच्या लेकीची मावशी. सरकारला दाखवायला नातं होतं. पाया पडायला नव्हतं.

हे कसं झालं ते सांगते.

माझं गाव मुखेड तालुक्यात. आई बाळंतिणींना तेल लावायची, बाळांना न्हाऊ घालायची. तिच्या मागं मी. टाळू भरणं, शेक देणं, ओव्याची धुरी, बाळंतिणीचं पोट बांधणं, हे माझं काम. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल नाही. मी लातूरला आले. डॉक्टर, प्राध्यापक, वकील, सगळ्यांच्या घरी पोरं जन्मतात. काम कधी कमी पडलं नाही. लातुरात भांडीवाली मावशी, स्वयंपाकवाली मावशी, तेल लावणारी मावशी. मावशी म्हटलं की नाव विचारायचे कष्ट वाचतात.

सर आणि मॅडम दोघंही कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी, म्हणजे ताई, इंग्लंडात नोकरीला. तिचं पहिलं बाळंतपण. मॅडमना मला घेऊन जायचं होतं.

सर म्हणाले, "कामाला म्हणून नेलं तर भानगडी फार. पाहुणी म्हणून सोपं आहे."

मग त्यांनी माझी तयारी करून घेतली. शाळेतल्यासारखी. ते सोफ्यावर, मी खाली.

"मॅडमची आई तुझी कोण?"

"मावशी."

"त्या आणि तुझी आई?"

"सख्ख्या बहिणी."

आतून मॅडमचा आवाज आला, "अहो, सख्ख्या कशाला? चुलत म्हणा की."

सर म्हणाले, "चुलत म्हटलं की कागद कमजोर होतो."

मॅडमनी मान्य केलं. नाइलाज होता त्यांचा. खोट्या कागदावरसुद्धा माझी आई त्यांच्या आईची बहीण व्हावी हे त्यांना सोसवत नव्हतं. मी ऐकलं, आणि हसले. तेव्हा मला ते विनोदीच वाटलं.

खोटं मीही बोलले. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. विमान बघायचं होतं, परदेश बघायचा होता. मुंबईत बोटांचे ठसे दिले, विचारलं त्याला हो म्हणाले. तिकडच्या विमानतळावर मॅडमनी माझा हात हातात घेतला. तोपर्यंत कधी घेतला नव्हता. साहेबाच्या खिडकीपर्यंत धरून ठेवला. पासपोर्टवर शिक्का बसला, हात सुटला. त्यांनी बॅगांच्या पट्ट्याकडे बोट केलं.

पासपोर्ट ताईच्या कपाटात गेला. "हरवशील," ताई म्हणाली.

बारसं झालं. सर आणि मॅडम परत गेले. ताईला नोकरीवर जायचं होतं, म्हणून मी थांबायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. "व्हिसाची मुदत वाढवून घेतलीय," सर फोनवर म्हणाले. सर खोटं बोलतील असं मला वाटलं नाही. शिकलेला माणूस.

मी बाळ सांभाळलं, घर सांभाळलं. बाळासोबत टीव्ही बघत बघत इंग्रजी शिकले. त्याला जेवढं कळायचं तेवढं मला कळायचं, नंतर जरा जास्त.

एकदा दाढ सुजली. तोंड उघडेना. मी ताईला म्हणाले, डॉक्टरला दाखवा.

"डॉक्टर नको. तुझा व्हिसा संपलाय."

"कवा?"

"झाले की बरेच महिने."

"सर तर म्हणले वाढवलाय."

"बाबांना काय माहीत. हे बघ, तू बाहेर कुठं बोलू नकोस. धरून नेतील तुला. इथं तुला काय कमी आहे?"

मी दाढेत लवंग धरून दिवसांमागून दिवस काढले. आणि भ्यायले. खरं तेच लिहिते. कळल्यावरही मी लगेच निघाले नाही. धरून नेतील या शब्दानं पाय बांधले. पहिली मुदत त्यांनी मोडली, मला न विचारता. पुढचे महिने मी कळून-सवरून राहिले. हे दोन्ही वेगळं आहे, आणि दोन्ही माझ्या नावावर आहे.

बाळाला गाडीत घालून फिरवायला न्यायचे त्या रस्त्यावर एक गुरुद्वारा होता. एका रविवारी ताईकडं पाहुणे होते, बाळ त्यांच्याजवळ होतं, मी एकटी आत गेले. पंगतीत बसले. डाळीचा घास घेतला आणि तोंडातून निघालं, "आई गं, लई गरम हाय."

डाळ वाढणारा माणूस थांबला. पगडीवाला, पन्नाशीचा.

"ओ बाई, नांदेडकडल्या हाव काय तुम्ही?"

"मुखेडची. तुमाला कसं कळलं?"

"तिकडल्याबिगर कोन बोलतंय असं? मी नांदेडचाच. गुरुद्वाऱ्याच्या मागं घर हाय आमचं." मग बादली खाली ठेवून म्हणाला, "आनि पानी घ्या ना आदी. घाई काय हाय, ट्रेन सुटायलीय का?"

तो तिथं बस चालवायचा. बायको वारलेली. त्या देशाचा नागरिक झालेला. पुढं तोच माझा नवरा झाला. पण त्या दिवशी तो फक्त डाळ वाढणारा माणूस होता, आणि त्यानं मला माझं गाव विचारलं होतं. त्या देशात आल्यापासून मला असं काही कुणी विचारलं नव्हतं.

मी ताईला म्हणाले, "माझा पासपोर्ट द्या. मला घरी जायचंय."

ताई म्हणाली, "मग बाळाला कोण बघणार?"

बस. एवढंच. मला कसं वाटतंय, माझी दाढ, माझं गाव, काही नाही. त्या एका वाक्यानं माझी भीती गेली. कपाटाची किल्ली फ्रिजवर असायची. फ्रिज रोज मीच पुसत होते. ताईसमोर किल्ली काढली, ताईसमोर कपाट उघडलं, पासपोर्ट घेतला. ती म्हणाली, "हे बरोबर नाही." मी म्हणाले, "न्हाईच." आणि निघाले.

गुरुद्वाऱ्यातली माणसं मला सरकारी कचेरीत घेऊन गेली. मी स्वतः सांगितलं, मुदत संपून राहिले आहे, आता परत चालले आहे. त्यांनी ठसे घेतले, लिहून घेतलं. कुणी धरलं नाही. स्वतःचं तिकीट काढून परत आले. मुदतीचं सांगितलं. मावशीचं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही.

परत आल्यावर मी लातूरला राहिले नाही, नांदेडला खोली घेतली. तो सुट्टीत यायचा. गावातले बोलले, आमच्यातले बोलले, त्याच्यातलेही बोलले. बोलून दमले. आम्ही लग्न केलं. या वयात लग्न करताना एक बरं असतं, रुसायला फारसं कुणी मोठं उरलेलं नसतं.

आता बायको म्हणून तिकडं जायचं तर व्हिसा लागतो. इंग्रजीची परीक्षा दिली, पास झाले. क्षयाच्या तपासणीसाठी छातीचा फोटो काढला. मग नांदेडातल्या एका एजंटाकडं अर्ज भरायला गेले.

त्याचं एसीचं ऑफिस. तो संगणकाकडं बघूनच बोलायचा. इंग्रजीत प्रश्न यायचे आणि तो मला न विचारता उत्तरं भरायचा. एका प्रश्नावर त्यानं सरळ 'नाही' केलं. मला वाचता आलं.

"ते काय विचारायलेत?"

"काही नाही मावशी, फॉर्मॅलिटी."

"त्या देशाचा कायदा कदी मोडला का, असंच हाय ना? तिथं हो करा. मी मुदतीपेक्षा जास्त राहिलेय."

आता त्यानं माझ्याकडं पाहिलं. "हे आधी सांगायचं ना. कुणाला कळतंय?"

"त्यांच्याकडं माझी बोटं हायत."

त्यानं सगळं विचारून घेतलं. माझ्याजवळची जुन्या अर्जाची प्रत बघितली. मग त्याचा चेहरा खुलला. "अहो, तुमची तिकडं भाची आहे की! जुन्या अर्जात आहे. आताही तेच ठेवू. नातेवाईक असले की बरं पडतं. तुमच्या भाचीकडून एक पत्र आणू."

"ती माझी भाची न्हाई."

"मावशी, कागदावर आहे."

मी विचार करते म्हणून उठले. घरी पोचायच्या आत लातूरहून फोन. जुन्या अर्जावरच्या नंबरावर एजंटानं सरांना फोन लावला होता. मॅडमचा आवाज तुपात घोळलेला. "ये ना एकदा. किती दिवसांत आली नाहीस."

मी गेले. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

मॅडमनी मला सोफ्यावर बसवलं. "बस गं. आपण काय परके आहोत?" त्याच सोफ्यापुढं खाली बसून मी सख्ख्या बहिणी पाठ केल्या होत्या. सरांनी चष्मा लावला आणि एक कागद वाचायला घेतला. माझ्या वतीनं त्यांनी लिहिलेला. "'मी माझ्या भाचीच्या घरी पाहुणी म्हणून गेले असता, बाहेर काम मिळण्याच्या लोभाने, माझ्या नातलगांना न सांगता, मुदतीनंतर तेथे राहिले. याबद्दल मला मनापासून पश्चात्ताप होत आहे.'"

"लोभानं?" मी म्हणाले.

"अगं, कारण द्यावं लागतं. हे तू तुझ्या हातानं उतरवून काढ. आम्ही ताईचं पत्र देतो. तू तिची मावशी आहेस असं. तुझंही काम होईल, आमचंही नाव येणार नाही."

"तुमाला काय भ्या हाय सर? मी तर अजून काई लिवलं न्हाई."

मॅडम मध्ये पडल्या. "ताईची तिकडची नोकरी आहे, नागरिकत्व आहे. तिच्या मुलाकडं बघ. तू वाढवलंस ना त्याला?"

खरं सांगते, त्या मुलावर माझा जीव आहे. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच त्याचं नाव काढलं.

मी म्हणाले, "सर, माझ्या आईला एकच बहीण हाय. मुखेडला राहती. तिला इच्यारून येते, ह्या मॅडम तुझ्या कोण लागतेत."

सरांनी चष्मा काढला. मॅडमचा आवाज तुपातून बाहेर आला.

"जीभ फार चालायला लागली. आम्ही नसतो तर विमान तरी बघितलं असतंस का?"

"बगितलं असतं की. खालून. पर घरी जायला कुनाला पासपोर्ट मागावा लागला नसता."

सर शांत आवाजात बोलले, वर्गात बोलायचे तसे. "नीट विचार कर. मुदतीचं त्यांना माहीतच आहे. हे दुसरं माहीत नाही. तू आपणहून सांगितलंस की खोटं नातं दाखवून आले होते, तर तुझा व्हिसा कायमचा गेला. नवरा तिकडं, तू इकडं. आमची नावं घेऊन तुला काय मिळणार?"

हे खरं होतं. सर हुशार माणूस. मी सोफ्यावरून उठले. "चहा घे," मॅडम म्हणाल्या, कारण चहा आला होता. मी उभ्यानं प्यायले, कप आत नेऊन ठेवला. विसळला मात्र नाही.

लातूरच्या बसस्टँडवरून नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, भाची तर भाची. कोन बघायलंय? त्या लोकांचं तोंड बंद, आपलं काम फत्ते. मला तू इथं पायजे, बस."

मला त्याचा राग आला नाही. रिकाम्या घरात रोज परतणारा माणूस असंच बोलणार.

मी म्हणाले, "तुमची बायको म्हणून यायचंय मला, का त्यांची मावशी म्हणून?"

देगलूरच्या गाडीची घोषणा झाली. कंडक्टर ओरडत होता.

"आनि न्हाई म्हनले तर?" तो म्हणाला.

"तर न्हाई. पर ते मला म्हनतील. लातूरच्या मावशीला न्हाई."

"तू लई हट्टी हाईस."

"डाळ वाढतानाच कळायला पायजे होतं."

तो हसला, पण हसू लवकर संपलं. "लिव मंग. जे हाय ते लिव. पर नंतर रडायचं न्हाई."

"मी कवा रडले?"

एजंट सोडला. एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याही तेच म्हणाल्या, जरा चांगल्या शब्दांत. "मुदतीचं तर लिहायलाच हवं. ते लपवलं तर अर्ज तिथंच संपला. स्वतः सांगून परत आलात, त्याचा उपयोग होईल. नातं खोटं होतं हे लिहिलंत तर नकाराला आणखी एक कारण मिळू शकतं. तुमचा निर्णय."

"लिवा," मी म्हणाले.

मी मराठीत सांगितलं, त्यांनी इंग्रजी केलं, मग मला वाचून दाखवलं. एके ठिकाणी त्यांनी 'मला फसवून नेण्यात आले' असं घातलं होतं. मी ते काढायला लावलं. मला फसवून नेलं नव्हतं. मी खोटं बोलून गेले होते. फसवलं ते नंतर, मुदतीच्या बाबतीत. जे माझं ते माझं, जे त्यांचं ते त्यांचं. पासपोर्ट कुणाच्या कपाटात होता, दाढ सुजल्यावर कोण काय म्हणालं, आणि कळल्यावरही मी किती काळ राहिले, सगळं लिहिलं. ताईचं नाव लिहिलं, सरांचं लिहिलं. खाली सही केली, सरळ.

अर्ज गेला. उत्तर अजून नाही.

लातुरात मॅडम सांगत फिरतात की बाई उपकार विसरली. बाळंतपणाला मला अजून नांदेडहून बोलावणाऱ्या तिथल्या काही घरांनी ते बंद केलं. बाळ रडायला लागलं की बाकीची घरं बोलावतातच.

मागच्या आठवड्यात नांदेडमधल्या एका मोठ्या घरची बाई खोलीवर आली. गाडी गल्लीत मावत नव्हती, तोंडाशी उभी केली. सुनेचं बाळंतपण, परदेशात.

"तुमचं नाव ऐकलं. येणार का? नात्यातली म्हणून दाखवू, म्हणजे त्रास नको."

"कामाची बाई म्हनून लिवा. काय काम, किती दिवस, ते लिवा. पासपोर्ट माझ्याजवळ राहील."

"अहो मावशी, तसं फार अवघड असतं."

"मंग बाळाला तेल तुमीच लावा. तुमी तर सख्ख्या आजी हाव."

ती तणतणत गेली. दुसरी कुणीतरी तिला मिळेल, हे मला कळतं. म्हणून मी मुखेडच्या बाजाराला गेले, देगलूरला गेले, या कामातल्या जेवढ्या बायका मला माहीत आहेत त्यांना बसवून सांगितलं. कुणी परदेशी न्यायला आलं तर आधी विचारा, कागदावर मी तुमची कोण? जे उत्तर येईल ते चार माणसांत बोलायला लावा. काही हसल्या. एकीनं, जिचं जायचं ठरत होतं, हसणं थांबवलं.

व्हिसाचं उत्तर 'नाही' आलं तर मी पुन्हा अर्ज करीन. त्यातही हेच लिहीन, याच क्रमानं, एकही नाव न गाळता. तिसऱ्यांदा करावा लागला तर तिसऱ्यांदा. त्या देशाला मला नको म्हणायचा हक्क आहे. पण नको म्हणायचं तर मी कोण आहे हे वाचून म्हणावं लागेल.